ज्याचा आकडा कमी

बाभळीच्या शेंड्याला एक लाल पागोटं अडकलं आहे. वारा सुटला की त्याचा शेव हलतो. बारा दिवस झाले, ते कोणी काढलेलं नाही.

शेळीच्या गळ्यातली घंटी डाव्या अंगाने आली, तर शेळी समोर येईपर्यंत आलेली नसते.

'सातही सुरुंग उडाल्याची खात्री मुकादमाने केली होती. सबब हा इत्तेफाकी अपघात.' कारकुनाने हे उर्दूत लिहिलं, मग मराठीत समजावून सांगितलं. खाली एक अंगठा उठला आहे. शाई जरा जास्तच लागली.

बिंदुसरेच्या पात्रातले खडे. बोराएवढे, गुळगुळीत.

तीन दिवसांच्या तापातून उठलेल्या बाईने आधी ताक मागितलं. मग विचारलं, "किती बोलले?"


अठ्ठावीस हात

निजामाच्या राज्यातला, फसली तेराशे बावीसचा उन्हाळा. गेवराई तालुक्यात चकलांब्याला विठ्ठलराव देशमुखांच्या मळ्यात नवी विहीर चालली होती, आणि ती खोदायला बीडजवळच्या पाली गावची टोळी आली होती. पालीची ही माणसं तशी शेतकरीच. पण सुगी उरकली की पहारी, घण, टोपली गाड्यांत घालायची, बायका बरोबर घ्यायच्या आणि मृगापर्यंत कोणाची ना कोणाची विहीर खोदायची, असा त्यांचा वर्षाचा नेम होता. अकरा गडी, चार बाया. मुकादम आश्रुबा.

वरचे चौदा हात मुरूम लागला. तो लोण्यासारखा निघाला. त्याखाली काळा खडक सुरू झाला आणि तिथून पुढे पहारीचं काम संपून दारूचं काम सुरू झालं.

ते असं चालतं. एकाने छिन्नी धरायची, दोघांनी घण घालायचे, हातभर खोल भोकं पाडायची. भोकात दारू ठासायची, वात सोडायची, वरून चिखल दाबायचा. वाती लहानमोठ्या कापायच्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात, एका दमात नाही. वात पेटवणारा शेवटी दोराच्या फळीवर बसतो, रहाटावरचे गडी त्याला ओढून घेतात, आणि सगळे बाभळीमागे पळतात. विहिरीकडे पाठ करायची, कानात बोटं घालायची, बसायचं.

मुकादम तेवढा बसत नाही. तो विहिरीकडे तोंड करून उभा राहतो. जितकी भोकं, तितके खडे त्याच्या मुठीत. एक सुरुंग बोलला की एक खडा टाकायचा. मूठ रिकामी झाली की तो ओरडतो, "समदे बोलले!" मग पहिला गडी खाली उतरतो. मुठीत एक जरी खडा राहिला, तर खाली एक सुरुंग मुका आहे. मग त्या दिवशी कोणी उतरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने जायचं, ते भोक शोधायचं, त्यात घागरभर पाणी ओतायचं आणि मगच काम.

मुकादमाच्या आकड्यावर दुसऱ्याने आकडा धरायचा नाही, ही रीत आश्रुबाच्या बापापासूनची. पूर्वी म्हणे दोघांचे दोन आकडे झाले, त्यावरून मारामारी झाली, आणि सुरुंगाने नाही तेवढी डोकी त्या मारामारीत फुटली. तेव्हापासून एकच कान, एकच तोंड.

आणि तो कान गेलेला होता.

डावा चार सालांपूर्वीच पुरता गेला. उजवाही तेव्हापासून निम्माच. वीस वर्षं दर उन्हाळ्यात सुरुंगांसमोर उघड्या कानाने उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? आश्रुबाने हे कोणाला सांगितलं नाही. समोरचा बोलत असला की तो त्याच्या ओठांकडे एकटक बघायचा. गडी आपापसात म्हणायचे, मुकादम कसा मन लावून ऐकतो बघा.

मग तो मोजायचा कशावर?

बायकोच्या खांद्यावर. भिवराबाई बाभळीमागे विहिरीकडे पाठ करून बसायची, नेहमी त्याच जागी, त्याच्या नजरेच्या टप्प्यात. सुरुंग बोलला की तिचे खांदे वर उडायचे. खांदे उडाले, खडा पडला. खांदे उडाले, खडा पडला. चार सालं हे बिनबोभाट चाललं होतं. तिला आपण असं बघतो हे तिला माहीत नाही, अशी आश्रुबाची समजूत होती.

चैत्रातल्या त्या दिवशी भिवराबाई तापाने पालात पडली होती.

भोकं सात. आश्रुबाने वहाणा काढल्या, अनवाणी उभा राहिला. तळपायांना सात दणके कळले. त्याने सातवा खडा टाकला आणि ओरडला, "समदे बोलले!" त्या सातांतला एक दणका सुरुंगाचा नव्हता. विहिरीच्या पूर्व अंगाची एक सैल झालेली दरड आत कोसळली होती.

पहिला खाली गेला तो शहादेव. भिवराबाईचा धाकटा भाऊ. त्याने दगडांत पहार घातली.

त्याचं पागोटं त्याच्या आधी वर आलं.


अठ्ठावीस हात

डावा डोळा गेला, डाव्या हाताची तीन बोटं गेली. बीडच्या डॉक्टरने उरलेलं वाचवलं. बाराव्या दिवशी सकाळी शहादेव बैलगाडीतून परत आला, डोक्याला आणि हाताला पट्ट्या बांधलेल्या. त्याची बायको छबुबाई गाडीच्या मागून चालत आली. तिने गाडीत बसायला नको म्हटलं होतं, बैलांना ओझं नको म्हणून. सगळे गोळा झाले, गाडीभोवती उभे राहिले. शेवटी बंकट, ज्याला कुठंच गप्प बसता येत नाही, तो म्हणाला, "शहादेव, तुझं पागोटं वर टांगून ठिवलंय बे. तू आल्याबिगर काढायचं न्हाई म्हनलं."

शहादेव हसला. अर्ध्या तोंडाने, कारण अर्ध्यावर पट्टी होती.

या बारा दिवसांत टोळीने नुसते फुटलेले दगड वर काढले होते. नवं भोक पाडलं नव्हतं. विहीर अठ्ठावीस हातांवर अडली होती आणि उसाला पाणी हवं म्हणून विठ्ठलराव रोज येऊन काठावर उभे राहत होते. त्या दिवशीही आले.

"आश्रुबा, उद्या भोकं पाडायची का नाही, ते सांग. आष्टीकडची टोळी मोकळी आहे. ते आज निरोप धाडला तर परवा येतात."

"गड्यांला इचारतो, मालक."

"गड्यांना काय विचारायचं? मुकादम तू."

गड्यांना विचारलं, तर ते त्याहून वाईट झालं. सगळ्यांनी मुकाट मान डोलावली. तात्याबा टोळीतला सगळ्यात म्हातारा, आश्रुबाच्या बापाबरोबर खोदलेला. तो म्हणाला, "खडक कदी कदी दारू गिळून ठिवतो. कुनाची तरी जुनी आसंल, फटीत राह्यली आसंल. तुजा काय दोष? तू म्हन, आमी उतरतो."

"सात बोलले ते बोलले," बंकट म्हणाला. "आठवा भुताचा."

आश्रुबा त्यांच्या ओठांकडे बघत होता. प्रत्येकाच्या ओठांवर तेच: तू म्हण, आम्ही उतरतो. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. उद्या हे अकरा गडी, शहादेव सोडून दहा, आपल्या एका ओरडण्यावर अठ्ठावीस हात खाली जाणार. आणि ते ओरडणं कशावर? एका बाईच्या खांद्यावर, नाही तर तळपायांच्या कातडीवर.

तो तिथून उठला आणि पालाकडे गेला.

भिवराबाई दगडांच्या चुलीपुढे भाकरी थापत होती. आश्रुबा तिच्या समोर उकिडवा बसला, तिचं तोंड दिसेल असा.

"मला आयकू येत न्हाई," तो म्हणाला.

भाकरी तव्यावर पडली. "ठावं हाय."

"कवापासून?"

"तुमच्या आधीपासून." तिने ओल्या हाताने भाकरीवर पाणी फिरवलं. "तुमाला वाटायचं, लोकं हळू बोलाया लागली."

"म्या मोजतो कशावर, ते ठावं हाय का?"

"मपल्या खांद्यावर."

आश्रुबाने चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं.

"सुरुंगाचं भ्या लग्नाच्या दुसऱ्याच साली गेलतं मपलं," भिवराबाई म्हणाली. "आता त्यो ढम वाजला तरी मपल्या हातातली सुई हलत न्हाई. खांदं उडवते ते तुमच्यापायी. मोजून उडवते."

"चार सालं?"

"चार सालं."

"आन बोलली कावून न्हाईस?"

"तुमी कावून न्हाई बोलला?"

भाकरी करपली. तिने ती उलटली, करपलेला पापुद्रा खरवडला. मग ती ओठ नीट हलवत, एकेक शब्द वेगळा करून बोलली. चार सालं ती त्याच्याशी अशीच बोलत होती, हे आश्रुबाच्या आत्ता ध्यानात आलं.

"त्या दिशी ताप होता. म्या उठून बसाया पायजे होतं. उद्यापासून ताप येवो, देवी येवो, म्या जागेवर बसन. तुमी मपल्याकडं बगा. कुनाला काय कळायचं न्हाई. जसं चाललं तसं चालंल."

ही वाट सोपी होती. त्या वाटेवर आश्रुबाचं मुकादमपण शाबूत होतं, टोळी शाबूत होती, विहीर चालू होती. भिवराबाईचा कान पक्का होता, हेही खरं. पण शहादेव तिचा सख्खा भाऊ, आणि तीच हे बोलत होती. ती घाबरली आहे हे त्याला तेवढ्यावरून कळलं.

"आन तू मेलीस तर?"

"अवो!"

"तर म्या कुनाच्या खांद्याकडं बगू? दुसऱ्याच्या बायकूला इचारू, बाई, मी मुकादम हाय, जरा दचकशील का?" तो उठला. "न्हाई. आता सांगतो. जेवायच्या आधी."

"जेवून तरी सांगा."

"जेवल्यावर माणूस सांगत न्हाई," आश्रुबा म्हणाला आणि चालू लागला.


अठ्ठावीस हात, अजून

बाभळीखाली सगळे बसले. त्याने बायांनाही बोलावलं, त्याचंच गड्यांना नवल वाटलं. तो उभाच राहिला.

"मला आयकू येत न्हाई. डाव्या कानानं काहीच न्हाई, उजव्यानं जवळचं थोडं. चार सालं झाली. त्या दिशी म्या सुरुंग आयकले न्हाईत. पायाला सात दणकं लागले, म्या सात म्हनलं. एक दरडीचा व्हता. खडकानं काही गिळलं न्हाई आन भूत बी न्हवतं. त्यो सातवा मुका व्हता आन म्या त्याला बोलला म्हनलं."

त्याने बायकोच्या खांद्यांचंही सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. भिवराबाई मान खाली घालून बसली होती.

मग बंकट हळूच उठला, आश्रुबाच्या डाव्या अंगाला, पाठीमागे चार पावलांवर गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आश्रुबा गाढव हाय."

आश्रुबा हलला नाही. समोर बघत उभा राहिला.

एरवी हसून लोळण घेतली असती सगळ्यांनी. आज कोणी हसलं नाही. बंकट परत येऊन आपल्या जागी बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

छबुबाई उठली. ती आश्रुबाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिने मोठ्याने बोलायची गरज नव्हती, तरी ती ओरडली.

"मंग मपल्या धन्याचा डोळा तुमी खाल्ला!"

"व्हय."

"आन गेवराईच्या ठाण्यात अमीनसाबाम्होरं आंगठा दिला!"

"खोटा दिला. उद्या गेवराईला जातो, खरी जबानी देतो. तिथून काय व्हायचं ते हू दे."

तिला भांडायचं होतं. पण समोरचा मागे सरकत नाही म्हटल्यावर ती तशीच उभी राहिली, आणि मग एकदम खाली बसली.

शहादेव आतापर्यंत गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले. बोलायचा हक्क आता त्याचा होता.

"दाजी," तो म्हणाला. आश्रुबा त्याच्या ओठांकडे बघू लागला. शहादेवचे ओठ उघडले, मिटले. मग तो उठला, बाभळीच्या पलीकडे गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला. त्यानंतर दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही, छबुबाईशीसुद्धा.

"मुकादमकी सोड," तात्याबा म्हणाला. कडक बोलला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"सोडतो. आत्ता सोडतो. पन उद्या कुनाच्या आकड्यावर उतरनार?" आश्रुबाने एकेकाकडे पाहिलं. "तात्याबा, तुमी मोजता?"

"मपले कान तुज्यापेक्षा बरे, पन लई बरे न्हाईत."

"बंकट?"

"मपलं लगीन ठरायचंय," बंकट म्हणाला. "सासऱ्यानं इचारलं, काय करतो पोरगा, तर काय सांगू? लोकाचे डोळे मोजतो?"

या वेळी एकदोघं हसले. हसू लगेच विझलं.

"तर आयका," आश्रुबा म्हणाला. "उद्यापासून कुनीच येकटा मोजायचा न्हाई. समद्यांनी मोजायचं. कानात बोटं न्हाईत, पाठ करायची न्हाई. सुरुंग झाले की येकेकानं आकडा बोलायचा, मोठ्यानं. आधी बाया. मंग नवे गडी, मंग जुने. तात्याबा शेवटी, म्हंजी त्यांचा आकडा आयकून कुनी आपला फिरवायचा न्हाई. मपला आकडा न्हाई. मला येत न्हाई. आन ज्याचा आकडा समद्यात कमी, त्याचं खरं."

"कमी?"

"दहा जन सात म्हनले, येक सहा म्हनला, तर सहा. कुनी उतरायचं न्हाई."

तात्याबाने काठी जमिनीवर आपटली. "कुनी भिऊन कमी सांगितलं तर?"

"तर थांबू."

"कुनाला काम नगं म्हनून कमी सांगितलं तर?"

"तर थांबू."

"आन रोजच थांबलो तर बे?"

"तर रोज थांबू. खालचं पानी कुठं पळून जात न्हाई."

त्या दुपारी दोन भाऊ आपलं गाठोडं बांधून पालीला निघून गेले. जाताना त्यांनी आश्रुबाला रामराम केला नाही. बाकीचे राहिले. कोणी मुकादमकी घेतली नाही, आणि आश्रुबाला मुकादम म्हणायचंही कोणी थांबवलं नाही. ते ठरवून झालं नाही, तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तो गेवराईला गेला आणि संध्याकाळी परत आला. पहिल्या जबानीच्या खाली दुसरी लिहून घेतली होती, त्याच अंगठ्याची. बोलावणं आलं तर हजर व्हायचं होतं.


एकोणतीस हात

भोकं सहा. वात पेटवायला बंकट उतरला, वर आला, पळाला. सगळे विहिरीकडे तोंड करून उभे होते. आश्रुबा या वेळी सगळ्यांच्या मागे होता, हात रिकामे. शहादेव तिकडे पाठ करून बसलेला. विठ्ठलराव आपल्या एका पाहुण्याला घेऊन दूर बांधावर.

धूर वर आला, दगड पडायचे थांबले.

"छबुबाई," आश्रुबा म्हणाला.

छबुबाईने पदर तोंडाशी धरला होता. तो तिने बाजूला केला. "पाच."

"भिवरा?"

"सहा."

पुढे सगळे सहा. एकाने तर "सहा, पक्के सहा" म्हटलं. तात्याबाने छबुबाईकडे बघत सहा म्हटलं. अकरा जणांचे सहा, एकीचे पाच.

"पाच," आश्रुबा म्हणाला. "दोर वर घ्या. आज न्हाई."

विठ्ठलराव बांधावरून तरातरा आले. "काय झालं? का थांबलं?"

"आकडा जुळला न्हाई, मालक."

"कोणाचा?"

आश्रुबाने नाव सांगितलं नाही. पण छबुबाईचा चेहराच सांगत होता. विठ्ठलरावांनी पाहुण्याकडे बघून मान हलवली.

"नवऱ्याचा डोळा गेलेली बाई. तिला आता पाचच ऐकू येणार. तिच्या कानावर माझी विहीर थांबवतोस का बे?"

"थांबवली," आश्रुबा म्हणाला.

"आष्टीच्या टोळीला निरोप धाडू?"

"धाडा. पन ते आले तर त्यांना बी सांगा, ज्याचा आकडा कमी त्याचं खरं."

निरोप गेला नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. ती दुपार टोळीने झाडाखाली बसून काढली. छबुबाई सगळ्यांपासून लांब बसली होती. भिवराबाई तिच्याजवळ गेली, तर ती म्हणाली, "वन्सं, मला खरंच पाच आयकू आले. का न्हाई आले, आता मलाच कळंना."

सकाळी ऊन विहिरीच्या तोंडाशी आलं तेव्हा आश्रुबा स्वतः घागर घेऊन फळीवर बसला. गड्यांनी त्याला अलगद सोडलं. खाली त्याने दगड हाताने सरकवले, पहार न वापरता. एक भोक, फुटलेलं. दुसरं. तिसरं शोधायला वेळ लागला. चौथं, पाचवं. सहावं सगळ्यात कोपऱ्यात होतं, पुरतं उकललेलं, खडकावर काळा डाग. सहाही बोलले होते.

त्याने घागर तशीच भरलेली वर आणली. काठावर पाय ठेवायच्या आत सगळ्यांच्या तोंडांकडे बघून म्हणाला, "समदे बोललेत. छबुबाईचा आकडा चुकला."

छबुबाई खाली बघू लागली.

"काल थांबलो ते बरोबर केलं," आश्रुबा म्हणाला. "येक दिवस गेला. उद्या पुन्ना आधी तुलाच इचारनार हाय. तुला जे आयकू येईल तेच बोल. पाच तर पाच, तीन तर तीन."

"आन उद्या बी चुकला तर?"

"तर म्या उद्या बी घागर घेऊन उतरन. मपलं पोट कमी व्हतंय, ते बरंच."

बंकट म्हणाला, "काकी, तुमी 'येक' म्हना. आठवडाभर झोपा काढू." छबुबाईने त्याच्या दिशेने एक खडा फेकला. तो त्याच्या पायाला लागला आणि त्याने लंगडत फेरी मारली. या वेळी हसणं जरा टिकलं. बाभळीपलीकडे शहादेवने मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा पाठ केली.


तीस हात, पुरते नाहीत

त्यानंतरचे दगड काढायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पुन्हा भोकं पाडली, पाच. खालचा खडक आता जरा ओलसर लागत होता. बंकटने छिन्नीची धूळ जिभेला लावून पाहिली आणि गोड आहे म्हणून शपथ घेतली. विठ्ठलराव काठापासून हलायला तयार नव्हते. त्यांना आज पाणी दिसणार अशी खात्री होती, आणि खरं तर सगळ्यांनाच होती.

सुरुंग झाले. धूर निवळला.

"छबुबाई."

ती या वेळी पदर तोंडाशी न धरता उभी होती. "पाच."

"भिवरा?"

"पाच."

गडी एकेक बोलत गेले. पाच. पाच. पाच. तात्याबाने शेवटी "पाच" म्हटलं आणि काठी खांद्यावर टाकली, जणू काम उरकलं. बंकट तोवर फळीवर एक पाय टाकून बसायच्या बेतात होता. विठ्ठलरावांनी पाहुण्याला पुढे बोलावलं.

"समद्यांचे पाच," आश्रुबा म्हणाला. "मपला आकडा न्हाई. सोडा दो..."

त्याच्या समोरची सगळी तोंडं एकदम एकाच बाजूला वळली. त्याच्या डाव्या अंगाला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. भिवराबाईने पुढे येऊन, सगळ्यांदेखत, त्याचा दंड धरला आणि त्याला तिकडे वळवलं.

शहादेव बाभळीपलीकडून उठून आला होता. पाच दिवसांनी पहिल्यांदा त्याचं तोंड टोळीकडे होतं. उजवा हात वर केलेला. अंगठा तळव्यात दुमडलेला, चार बोटं ताठ. आश्रुबा आपल्याकडे बघतो आहे याची खात्री करून घेऊन तो पुन्हा बोलला, ओठ नीट हलवत.

"चार, दाजी."

विठ्ठलराव काहीतरी ओरडले. आश्रुबाने त्यांच्याकडे बघितलं नाही, म्हणून त्याला ते कळलं नाही. गड्यांपैकी एकाने कपाळावर हात मारला. ओल्या खडकाचा वास काठापर्यंत येत होता, आणि पाणी, असलं तर, हातभर खाली होतं. बारा जण पाच म्हणत होते.

आश्रुबा शहादेवच्या त्या चार बोटांकडे बघत राहिला, मग त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे. त्या डोळ्यात भीती दिसली नाही. दुसरं काहीतरी होतं, ते त्याला वाचता आलं नाही, आणि त्याने वाचायचा हट्टही धरला नाही.

"चार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "फळी वर घ्या. आज न्हाई."

बंकटने पाय काढून घेतला. कोणी कुरकुरलं नाही. तात्याबाने खांद्यावरची काठी पुन्हा जमिनीला टेकवली, शहादेवजवळ जाऊन उभा राहिला. रहाटावरचे दोघे गडी दोर गुंडाळू लागले.

ज्या दिवशी त्याचा डोळा गेला त्या दिवशी, कानात बोटं घालून पाठ करून बसलेल्या शहादेवने मनातल्या मनात सहाच मोजले होते, आणि मुकादमाच्या सातावर तो उतरला होता.